बीडीएसची जागा मिळतेय, घेऊ का?

पत्र: "मी बार्शी तालुक्यातली. बारावी झाली, नीट दिली. एमबीबीएसला नंबर लागणार नाही हे नक्की, पण खासगी कॉलेजात बीडीएस मिळेल असं दिसतंय. बाबा म्हणतात, दाताचा डॉक्टर म्हणजे अर्धा डॉक्टर, त्यापेक्षा एक वर्ष थांब आणि परत नीट दे. चुलतबहीण बीडीएस होऊन दोन वर्षं झाली, अजून दुसऱ्याच्याच दवाखान्यात काम करते. मी डावखुरी आहे, त्याने अडतं का? पास झाल्यावर लगेच स्वतःचा दवाखाना टाकता येईल का? काकांच्या ओळखीतला एक दवाखाना बंद झालाय, तिथली खुर्ची स्वस्तात मिळतेय. आत्ताच घेऊन ठेवावी का?" — एक वाचक

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

तू बरंच विचारलंस, पण सगळ्यांत आधी जे विचारायला हवं ते पत्रात नाही. दिवसभर बसून हाताने बारीक काम करायला तुला आवडतं का? दंतवैद्यक हा वैद्यकाचा भाग आहेच, पण रोजच्या दिवसात ते कारागिरीच्या जास्त जवळचं आहे. औषध लिहून पेशंटला पाठवून दिलं असं इथे क्वचित होतं. जे बरं करायचं ते स्वतःच्या बोटांनी करायचं. ते आवडत असेल तर हा व्यवसाय चाळीस वर्षं साथ देतो. एमबीबीएस हुकलं म्हणून हे, असं करून आलेली मुलं दुसऱ्या वर्षातच मेणाच्या आणि प्लास्टरच्या कामाला वैतागतात.

म्हणून काउन्सेलिंगच्या आधी दोन गोष्टी घरी करून बघ. कपडे धुण्याच्या साबणाची एक वडी घे आणि त्यातून वरचा पुढचा मोठा दात कोर. खऱ्या दाताचं माप साधारण असं असतं: दिसणारा भाग साडेदहा मिलिमीटर उंच, रुंदी साडेआठ, मूळ तेरा मिलिमीटर. सगळं तिप्पट घे, म्हणजे साडेएकतीस, साडेपंचवीस आणि एकोणचाळीस. आधी वडीच्या चारही बाजूंवर पेन्सिलीने आकार काढ, मग एकेक बाजू उतरव. पहिला दात वेडावाकडा येणारच. दुसरा, तिसरा करताना वेळेचं भान राहत नसेल तर ते चांगलं लक्षण आहे. बीडीएसच्या पहिल्या वर्षात मेणाच्या ठोकळ्यातून एकेक दात असाच कोरायला लावतात, आणि कुठला फुगवटा किती, कुठली कड कुठे, हे परीक्षेत तपासतात.

दुसरी गोष्ट आरशाची. वही टेबलावर ठेव, तिच्यासमोर छोटा आरसा उभा कर, वही पुठ्ठ्याने झाक आणि फक्त आरशात बघून एक चौकोन गिरव. हात पुढे न्यावा तर आरशात तो उलटा जातो, आणि कोपऱ्यावर आलं की पेन्सिल अडून बसते. वरच्या मागच्या दाढा दंतवैद्याला अशाच दिसतात. एका हातात बारका गोल आरसा, दुसऱ्या हातात मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारी एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र, तिच्यातून उडणाऱ्या पाण्याने आरसा सारखा भरतोय, आणि पेशंटची जीभ मध्ये येतेय. अशा वेळी हात सांभाळते ती करंगळीशेजारची अनामिका. ती शेजारच्या दातावर टेकवून ठेवायची असते. पेशंटने डोकं हलवलं तर टेकवलेला हात डोक्याबरोबरच हलतो आणि 'बर', म्हणजे एअरोटरच्या टोकाचं फिरणारं पातं, जागेवर राहतं. टेका नसेल तर तेच पातं गालात किंवा जिभेत जातं. लिहितानाही करंगळीची बाजू कागदावर टेकलेली असते. तसंच हे, फक्त कागदाच्या जागी दात. दोन आठवडे रोज दहा मिनिटं आरशात गिरवलंस तर हात वळायला लागेल. पहिल्या दिवशी जमलं नाही म्हणून निराश होऊ नकोस, ते कुणालाच जमत नाही.

डावखुरेपणाने अडत नाही, पण सोय मागावी लागते. उजव्या हाताने काम करणारे पेशंटच्या उजवीकडे, घड्याळाच्या नऊ ते बाराच्या जागी बसतात. तुला बारा ते तीनच्या बाजूला बसायचं. अडचण अशी की बहुतेक खुर्च्यांना हँडपीसचा, म्हणजे एअरोटरसारख्या हातात धरायच्या यंत्रांचा, ट्रे उजवीकडे आणि थुंकायचं भांडं डावीकडे असतं, म्हणजे तुझ्या गुडघ्यासमोर. क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे पेशंटवरचं काम, सुरू होण्याआधीच विभागप्रमुखांना सांग आणि डावीकडे मोकळी जागा असलेली कडेची खुर्ची मागून घे. दात काढताना उजवे लोक खालच्या उजव्या बाजूच्या दाढांसाठी पेशंटच्या मागे उभे राहतात. तू खालच्या डाव्या बाजूसाठी मागे उभी राहायचं, बाकी समोरून. शिकवणाऱ्यांचे हात बघताना मनात उलटं करून बघायची सवय लाव. डावखुऱ्या मुली कॉलेजात लाजून उजव्या हाताने काम करायला जातात, आणि मान-पाठ मोडून घेतात. ते अजिबात करू नकोस.

आता बाबांचा 'अर्धा डॉक्टर'. भारतात दंतवैद्यकाला 1948 पासून स्वतःचा कायदा आहे, स्वतंत्र नोंदणी आहे. बीडीएसला शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र, जनरल मेडिसिन, जनरल सर्जरी हे विषय पास व्हावे लागतात. अपघातात मोडलेला जबडा जोडणारे मुखशल्यचिकित्सक बीडीएसवरूनच पुढे गेलेले असतात. पण बाबांना कायदा सांगून पटणार नाही. त्यांना गावातलंच उदाहरण दे. गुटखा-मावा खाणाऱ्या कुणालातरी तोंड कितपत उघडतं ते विचार. स्वतःची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये जायला हवीत. अनेकांची दोनच जातात, काहींचं एकही जात नाही. आधी तिखट झोंबायला लागतं, मग गालाच्या आतली कातडी पांढुरकी पडते, आणि बोट फिरवलं तर आत दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. हा सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाच्या कर्करोगाआधीची अवस्था. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी हे पेशंट कमी झालेले नाहीत. असा माणूस दाढ दुखते म्हणून येतो. जिभेच्या कडेवरची, गालातली, दोन आठवड्यांत न भरलेली जखम पहिल्यांदा बघणारा डॉक्टर बहुतेक वेळा दंतवैद्यच असतो. त्याने ती ओळखून वेळेत बायोप्सीला पाठवली, तर त्या माणसाचं आयुष्य बदलतं. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या बाबतीतही हेच. आपल्या भागात या कामाची फार गरज आहे, आणि हे अर्ध्या डॉक्टरचं काम नाही.

वर्षभर थांबायचं का? बीडीएस करून पुढे थेट एमबीबीएसला वळता येत नाही, परत नीट देऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मनापासून फिजिशियन किंवा सर्जनच व्हायचं असेल आणि यंदाचे गुण फार मागे नसतील, तर एक वर्ष नीटचा अभ्यास कर, त्यात काही चूक नाही. मात्र बीडीएसला प्रवेश घेऊन 'बाजूला नीटही देते' हा बेत करू नकोस. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन, दंतरचना असे जड विषय, हजेरीची सक्ती आणि रोजची प्रात्यक्षिकं असतात. दोन्हीकडे अर्धवटच होतं. शिवाय प्रवेश रद्द करायची एक ठरलेली तारीख असते. त्यानंतर जागा सोडली तर दंड बसतो, मूळ कागदपत्रं अडकतात. राज्य सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेतलं ते एक पान तू आणि बाबांनी दोघांनी बसून वाचा.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते, कारण नियम माहितीपुस्तिकेत असतात. चुका मात्र ठरलेल्या असतात. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या गटात 50 टक्के, राखीव गटात 40 टक्के हवेत. त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत सतरा वर्षं पूर्ण हवीत. राज्याच्या कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्र लागतं, आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. मुलं अडकतात ती जातवैधतेत. जातीचा दाखला असतो, वैधता प्रमाणपत्र समितीकडे पडून असतं, आणि राखीव जागा हातची जाते. नॉन-क्रिमीलेअर चालू मुदतीचा आहे का तेही आजच बघ, त्याची मुदत 31 मार्चला संपलेली असू शकते. दुसरी चूक फॉर्मची. फेरीत जागा मिळाल्यावर स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरून दिला, की पुढच्या फेरीत तुझा विचार होत नाही. कॉलेजातले क्लार्क तो घाईने पुढे करतात. जागा मनासारखी असेल तरच सही कर.

पसंतीक्रमात आधी सरकारी आणि पालिकेची कॉलेजं टाक: मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, नायर दंत महाविद्यालय, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. नंबर लागणार नाही असं वाटलं तरी टाक. तिथे फी कमी आहेच, पण पेशंटांची रांग सकाळपासून असते, आणि बीडीएसला खरी किंमत त्या रांगेची आहे. खासगी कॉलेजाचं नाव, इमारत, वसतिगृह याला भुलू नकोस. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी दहा वाजता न सांगता जा आणि ओपीडीत अर्धा तास बस. किती खुर्च्या आहेत, त्यांतल्या कितींवर पेशंट आहे, कितींवर नुसता कपडा टाकलाय, ते मोज. इंटर्नशिप करणाऱ्या मुला-मुलींना बाजूला घेऊन विचार: आतापर्यंत किती दात काढले? दाढांचे रूट कॅनॉल स्वतः किती केले, की फक्त पुढच्या दातांचे? पेशंट कॉलेजात येतात, की विद्यार्थ्यांना स्वतः शोधून, भाडं देऊन आणावे लागतात? शेवटच्या प्रश्नाला मुलं हसली आणि गप्प बसली, तर उत्तर मिळालं असं समज. विद्यावेतन किती आणि वेळेवर मिळतं का तेही त्यांनाच विचार.

पैशांचं. प्रत्येक खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर असते. कॉलेजने सांगितलेला आकडा तिथल्या आकड्याशी ताडून बघ. 2024-25 पासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना, केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेसाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ती नाही. म्हणून 'संस्थापातळीवर घ्या, लगेच मिळेल' असं कुणी म्हटलं तर हा फरक आधी लक्षात घे. अर्ज सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा आणि दर वर्षी नूतनीकरण करायचं. उत्पन्नाचा दाखला जुना राहिला तर अर्ज तिथेच थांबतो. फीशिवाय वसतिगृह, खानावळ आणि हत्यारं यांचा हिशेब वेगळा धर. मेणाची सुरी, मेण कोरायचा लेक्रॉन कार्व्हर, रबराचा वाडगा, जबड्याची नक्कल करणारा आर्टिक्युलेटर, सरावाचे दात बसवलेला टायपोडॉन्ट, पुढे स्वतःची एअरोटर. यांतलं बरंचसं सीनियरकडून निम्म्या किमतीत मिळतं. एअरोटर मात्र नवीन घे. जुनीचे बेअरिंग कधी गेले ते कळत नाही, ती थरथरायला लागते, आणि दोष तुझ्या हाताचा आहे असं तुला वाटत राहतं.

अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि एक वर्ष इंटर्नशिप. विद्यापीठ नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. लेखी आणि प्रात्यक्षिकात वेगवेगळे 50 टक्के लागतात. दुसरं वर्ष सगळ्यांत थकवतं: औषधशास्त्र, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, डेंटल मटेरियल्स, आणि वर कवळीची व फिलिंगची पूर्वतयारी. पूर्ण कवळी पहिल्यांदा हातात येते तेव्हा दात मेणात बसवणं, फ्लास्कमध्ये घालणं, मेण उकळून काढणं, अॅक्रिलिक भरणं आणि शिजवणं अशा पायऱ्या असतात. अॅक्रिलिक घाईने उकळलं तर त्यात बुडबुडे येतात, ती कवळी घासून कितीही चकचकीत केली तरी परीक्षक उजेडात धरून लगेच ओळखतो. चौथ्या वर्षी आठ विषय एकदम येतात. पेशंटवर काम सुरू व्हायच्या आधी हिपॅटायटिस बीच्या तीन लशी पूर्ण कर, 0, 1 आणि 6 महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी तपासून घे. ती 10 मिलीआययूपेक्षा कमी आली तर डॉक्टरांना विचारून परत लस घ्यावी लागते. सुई टोचली तर जखम पिळायची नाही. साबण-पाण्याने धुवायची, लगेच सांगायचं आणि तासाभरात तपासणीला जायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं चांगलं, आणि 72 तासांनंतर सुरू करून उपयोग नाही. वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावणं हे टोचण्याचं एक मोठं कारण. टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवायचं आणि एका हाताने सुई त्यात सरकवायची. पहिल्या दिवसापासून ही सवय लाव.

चुलतबहिणीबद्दल तू चिंतेने लिहिलंस, पण ती योग्य तेच करतेय. बीडीएसनंतरची पहिली दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात काढावीच लागतात, कारण कॉलेजात एका पेशंटला तीन तास मिळतात आणि दवाखान्यात पाऊण तास. या काळात जे चुकतं ते ठराविक असतं. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण मुळांतल्या नळ्या बहुतेकदा चार. ती चौथी न सापडल्याने दुखणं सहा महिन्यांनी परत येतं. खालच्या दाढेची नस सुजलेली असली की भूल धरत नाही, आणि नवखी डॉक्टर घाबरून 'आता दुखणार नाही' म्हणत पुढे रेटते. भूल देताना सिरिंज मागे ओढून रक्त येतं का बघायचं, आणि वजनाप्रमाणे मात्रा मोजायची. दोन टक्के लिग्नोकेन या भुलीच्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम औषध असतं, हे तोंडपाठ हवं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, साखर किती आहे, हे न विचारता दात काढायचा नाही. हे सगळं स्वतःच्या पाटीखाली शिकण्यापेक्षा अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहून शिकलेलं बरं.

बहिणीला एक सांग. पगार टक्केवारीवर असेल तर लिहून घे. टक्केवारी पूर्ण जमेवर आहे, की कॅप-कवळी बनवणाऱ्या लॅबचं बिल वजा करून? मटेरियलचा खर्च कोणाचा? फेल गेलेली कॅप परत करावी लागली तर कोणाच्या खात्यात? पैसे महिन्याच्या कुठल्या तारखेला? बहुतेक भांडणं या चार ओळी न लिहिल्यामुळे होतात.

एमडीएस, म्हणजे बीडीएसनंतरची पदव्युत्तर पदवी, करायचं का ते इंटर्नशिपमध्ये ठरव, आत्ता नको. नीट-एमडीएसला 240 प्रश्न, 960 गुण. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, शाखा नऊ. रूट कॅनॉल, दात सरळ करणं, मुखशल्यचिकित्सा, कृत्रिम दंतशास्त्र, लहान मुलांचे दात यांत थेट प्रॅक्टिस होते. मुखविकृतिशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्य घेतलं तर मुख्यतः शिकवण्याकडे जावं लागतं. ते आवडत असेल तर उत्तमच. फक्त भीतीपोटी, 'नुसत्या बीडीएसला कोण विचारतं' म्हणून, मिळेल ती शाखा घेऊन तीन वर्षं आणि पैसे घालवू नकोस. चांगली बीडीएस गावात भक्कम चालते. सरकारी नोकरीत जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सकाची पदं असतात, आरोग्य अभियानात कंत्राटी असतात, लष्कराची डेंटल कोर आहे. परदेशात आपली पदवी थेट चालत नाही. अमेरिकेत दोन-तीन वर्षं परत कॉलेज, इंग्लंडमध्ये ओआरई परीक्षा. त्याची वाट वेगळी आणि खर्चीक आहे.

पास झाल्यावर लगेच दवाखाना? कायद्याने अडचण नाही, महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी झाली की टाकता येतो. अडचण हिशेबाची. समजा भाडं 15,000, मदतनीस 10,000, वीज-पाणी-फोन 4,000, कर्जाचा हप्ता 14,000, कचरा उचलणं आणि देखभाल 2,000. झाले महिन्याला 45,000. पंचवीस दिवस काम धरलं तर रोज शटर उघडायलाच 1,800 रुपये लागतात. शंभर रुपयांच्या जमेतले पस्तीस लॅब आणि मटेरियलमध्ये जातात असं धर, म्हणजे रोज सुमारे 2,770 रुपये जमा झाले तरी तुझ्या हातात काहीच उरत नाही. त्याच्या पुढचा पैसा तुझा. पहिलं वर्षभर रोज एवढी जमा होईलच असं नाही, म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय करारावर सही करू नये. हे आकडे तुझ्या गावाच्या भावाने बदलून परत मांड.

जागा घेताना तळमजला बघ, म्हातारी माणसं जिना चढत नाहीत. खुर्चीला चार गोष्टी जमिनीतून लागतात: पाणी, हवेची नळी, वीज, आणि उतार असलेला ड्रेनेज. फरशी बसवल्यावर हे आठवलं की सगळी फरशी फोडावी लागते. कंप्रेसर ऑइल-फ्री घे आणि त्याच्या टाकीतलं पाणी रोज संध्याकाळी सोड. आपल्याकडचं बोअरचं पाणी थेट हँडपीसला दिलं तर सहा महिन्यांत क्षाराने नळ्या बुजतात. खुर्चीच्या बाटलीत आरओचं पाणी भर. पाण्याचा फवारा कमी झाला की दात आतून भाजतो, आणि पेशंटला ते दोन-तीन आठवड्यांनी जाणवतं. हत्यारं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये काटकसर नको. 121 अंश, 15 पौंड दाब, पंधरा ते वीस मिनिटं आणि नंतर वाळवण्याचा वेळ. हत्यारं उकळून निर्जंतुक होत नाहीत, आणि निळ्या दिव्याची ती यूव्ही पेटी फक्त आधीच निर्जंतुक केलेलं ठेवायला आहे. अनेक दवाखान्यांत हत्यारं धुऊन थेट त्या पेटीत टाकतात, आणि पेशंटला वाटतं सगळं झालं. हे बघून खरंच राग येतो. एअरोटरसुद्धा प्रत्येक पेशंटनंतर तेल घालून ऑटोक्लेव्ह करायची, म्हणून एक नाही, निदान चार घ्याव्या लागतात. एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या (एईआरबी) ई-लोरा संकेतस्थळावर नोंद, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा नेणाऱ्या केंद्राशी करार, हे आधी करून मग उद्घाटनाची तारीख काढायची.

आता काकांच्या ओळखीतली खुर्ची. घेऊ नकोस. तुला ती वापरायला निदान सात-आठ वर्षं आहेत. बंद पडून राहिलेल्या खुर्चीच्या नळ्या कडक होऊन तडकतात, सील सुकतात, कंप्रेसरची टाकी आतून गंजते, आणि मॉडेल जुनं झालं की सुटे भाग आणि मेकॅनिक दोन्ही मिळत नाहीत. शिवाय ती उजव्या हाताच्या मांडणीची असणार. तुला ट्रे दोन्ही बाजूंना फिरणारी खुर्ची लागेल. काकांना खरंच मदत करायची असेल तर तेच पैसे बँकेत ठेवायला सांग. तिसऱ्या वर्षी पेशंट सुरू झाले की त्यातून अडीच पट मोठं दाखवणारे लूप्स, म्हणजे डोळ्यांवर लावायची भिंगं, घे. डोळ्यांपासून कामापर्यंतचं तुझं अंतर मोजून ते बनवायला दे, बसल्यावर मान वाकवावी लागली तर परत कर.